डाव्या सीटवरचे मास्तर

माझ्या नवऱ्याने बावीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं. स्वतःचं मोटार ट्रेनिंग स्कूल, दोन गाड्या, आणि शिकून गेलेल्यांत दोन डॉक्टर, एक फौजदार आणि एकाच घरातल्या तीन सुना. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून मीही मास्तरच म्हणते. मला मात्र त्यांनी कधी शिकवलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. लग्नानंतर दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "बघू नंतर". मग मी विचारणं सोडलं आणि मागच्या सीटवर पिशव्यांशेजारी बसायला लागले.

पुढे मला परदेशात नोकरी लागली, एका रुग्णालयात, रक्त तपासायच्या लॅबमध्ये. मास्तरांनी महिन्याभरात स्कूल मदतनिसाच्या हवाली केलं. "गाड्या काय, तिकडेही असतीलच," म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की माझाही विश्वास बसला.

लेकीला घेऊन इथे आल्यावर चौथ्या आठवड्यात आम्ही एका कचेरीत गेलो. नोकरीसाठी आलेल्यांच्या नवऱ्यांना आणि बायकांना पुढे काय करता येईल, हे सांगायला तिथे एक सल्लागार बाई बसतात. त्यांनी एक यादी पुढे सरकवली. गोदामात खोकी भरणं, म्हाताऱ्यांची देखभाल, हॉटेलात भांडी, नाहीतर भाषेचा वर्ग आणि त्यानंतर कॉलेज. मास्तरांनी यादी नीट वाचली, तिची घडी घालून खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "विचार त्यांना, गाडी शिकवायचं काय?"

"येईल की शिकवता," बाई म्हणाल्या. "आधी भाषा, मग इथलं लायसन्स, मग शिक्षकांचा दहा महिन्यांचा कोर्स. तो वर्षातून एकदाच सुरू होतो. पण लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास झालात, तर पुढे वर्षभर बसता येत नाही."

मी हे मराठीत सांगितलं तेव्हा मास्तर मोठ्याने हसले. बाईंना वाटलं, यांना समजलं नाही. त्यांनी मला पुन्हा सगळं सांगायला लावलं.

भाषेच्या वर्गाला ते आठ महिने गेले. पंचेचाळिसाव्या वर्षी, विशीतल्या पोरांशेजारच्या बाकावर. लेखी परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाले. घोडं पेंड खात होतं ते सीटपाशी.

आमच्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो आणि शिकवणारा त्याच्या डावीकडे, पायाशी स्वतःचा वेगळा क्लच आणि ब्रेक घेऊन. इथे रस्ता उलट्या बाजूने, त्यामुळे चालवणारा डावीकडे. म्हणजे मास्तर चालवायला बसले ते थेट आपल्या बावीस वर्षांच्या जागेवर, आणि त्यांच्या विद्यार्थ्याच्या जागी बसला परीक्षक. डोक्याला सगळं कळत होतं, अंगाला कोण सांगणार? उजवा पाय ब्रेक सोडेना, कारण त्या जागेवर ॲक्सिलरेटर त्यांना कधी नव्हताच. नजर समोरचा रस्ता सोडून शेजारच्याच्या हातांवर. पहिल्या परीक्षेत गाडी अशी रांगली की मागून एक आजोबा सायकलवरून पुढे निघून गेले.

दुसऱ्या परीक्षेत तर चौकात पोचल्यावर परीक्षकाकडे वळून म्हणाले, "इंडिकेटर दे." तेही मराठीत. आणि त्याने देईपर्यंत थांबून राहिले.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. लेकही आतून पळत आली ऐकायला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी खिशातून ती यादी काढून टेबलावर ठेवली. घडीवर फाटत आली होती. "आता नापास झालो की गोदाम," म्हणाले. "मग हा विषय या घरात काढायचा नाही."

 गोदामातलं काम वाईट नाही, आमच्या शेजारचा माणूस तेच करतो आणि सुखात आहे. पण मास्तरांना तिथे मास्तर कोण म्हणणार होतं? माझ्या नोकरीपायी हा माणूस स्वतःचं सगळं मागे ठेवून आला होता, आणि मी दात काढत बसले होते. माझी मलाच लाज वाटली.

तिसरी परीक्षा तीन आठवड्यांनी, गुरुवारी होती. कोर्सचे अर्ज शुक्रवारी बंद होणार होते. सरावाला मास्तर इथल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जायचे. तिथली शिकवणारी मुलगी पंचविशीची. दुसऱ्याच दिवशी ती मला म्हणाली, "तुमचे मिस्टर उत्तम चालवतात हो, पण शेजारी कोणी नसलं तर. मी बसले की ते गाडी सोडून मलाच चालवायला लागतात." ते ऐकून मी घरी आले आणि जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या शेजारी-शेजारी मांडल्या.

स्टिअरिंगला कुकरची जुनी रिंग घेतली. पायाशी तीन चपला, क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. दोन खुर्च्यांच्या मधे बाटलीत लाटणं उभं केलं, तो गिअर. मास्तरांना डावीकडे बसवलं आणि मी उजवीकडे बसले.

"हा काय पोरखेळ?" मास्तर म्हणाले.

"क्लच दाबा. पहिला गिअर. आरसा बघा."

त्यांनी रिंग टेबलावर आपटली. "तुला काय कळतं गं त्यातलं? आयुष्यात कधी स्टिअरिंग धरलंयस?"

"नाही धरलं," मी म्हणाले. "कुणी धरू दिलं नाही. पण तुम्ही काय बोलता ते सोळा वर्षं मागच्या सीटवरून ऐकलंय. आणि मला काही येत नाही, म्हणूनच मी बरी. माझं चुकतंय का हे तुम्हाला बघायचंच नाही. नुसतं ऐकायचंय."

लेक दारातून हळूच सटकली.  मास्तरांनी रिंग उचलली.

रोज कामावर जायच्या आधी अर्धा तास, असे तीन आठवडे. सगळी वाक्यं त्यांचीच. "घाई कुणाला आहे? चौक काय पळून जातोय?" "पाय ब्रेकवर झोपलाय, त्याला उठवा." "माझ्याकडे काय बघताय, मी रस्ता आहे का?" पहिले चार दिवस ते माझ्याकडे बघून उत्तर द्यायचे. मी म्हणायचे, "समोर." दुसऱ्या आठवड्यात उत्तरं थांबली. शेवटी शेवटी मी "इंडिकेटर" म्हणायच्या आत त्यांचा हात हललेला असायचा.

गुरुवारी मी लॅबमध्ये दोन नमुन्यांवर चुकीची चिठ्ठी लावली आणि दोन्ही वेळा स्वतःच पकडली. सुटून बाहेर आले तर मास्तर बसथांब्यावर उभे. चेहऱ्यावरून काही कळेना.

"पास झालो," म्हणाले.

मी तिथेच रडले. बस आली आणि गेली.

"चौकात तो परीक्षक शेजारी बसलेला होता ना," ते म्हणाले, "पण कानात तूच ओरडत होतीस. समोर बघा, म्हणून."

संध्याकाळी त्यांनी कोर्सचा अर्ज भरला आणि शुद्धलेखन तपासायला मला दिला. नाव, वय, अनुभव, सगळं बरोबर होतं. चौथ्या पानावर प्रश्न होता, गाडी चालवायला कोणाकडे शिकलात? पहिल्या ओळीत माझं नाव. शिक्षकाचा परवाना क्रमांक, तिथे आडवी रेघ. खालच्या ओळीत त्या पंचविशीच्या मुलीचं नाव आणि तिचा क्रमांक.

"अहो, हे काय लिहिलंय? अर्ज परत पाठवतील."

"परत पाठवला तर पुन्हा हेच लिहीन," मास्तर म्हणाले. "खोटं काय आहे त्यात?"

 मी ते चौथं पान पुन्हा एकदा वाचलं.

खुर्च्या अजून तशाच मांडलेल्या होत्या. मास्तर उठले आणि उजवीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले. टेबलावरची कुकरची रिंग उचलून त्यांनी माझ्यापुढे धरली.

"ये, बस डावीकडे," म्हणाले. "आधी आरसा बघ."