जास्तीचा हात

आत्याने जोडलेल्या प्रत्येक फोटोत एक हात जास्तीचा असायचा. मोठ्या तबकडीचं घड्याळ घातलेला, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवलेला. हाताची मालकीण मात्र गायब.

साठी उलटल्यावर ती मोबाईलवर दोन फोटोंचा एक करायला शिकली आणि भांडुपच्या आमच्या बिल्डिंगमधलं कुणी तिच्या तावडीतून सुटलं नाही. दुबईतला मुलगा इथल्या बारशाला हजर. तळमजल्यावरच्या काकू काश्मीरच्या बर्फात, गाऊनवर.

जुन्या फोटोंत ती कुणाला तरी बिलगून उभी असायची. जोडताना आधी स्वतःला कापायची, पण समोरच्याच्या खांद्यावरचा तिचा हात तेवढा राहायचा. वर मूळ फोटो पुसून टाकायची खोड. "आत्या, हात राहिला गं!" मी ओरडायचे. ती चष्म्यावरून बघायची. "ऱ्हवांदे गो. माणूस कमी पडण्यापरास हात जास्ती बरो."

तिचा खरा डाव बाबांवर आणि काकांवर होता. गावच्या घरावरून या दोघा भावांचं बोलणं बंद. गणपतीला एक गेला की दुसरा जायचा नाही, आणि त्यांची ही बहीण, दोघांची लाडकी 'बाय', मध्ये झुरायची. एकदा चतुर्थीआधी तिने दोघांना गावच्या गणपतीपुढे शेजारी उभं केलं आणि फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, 'यंदाचा फोटो, आगाऊ.'

बाबा भडकले. भावाशेजारी उभं केलं म्हणून नव्हे. धाकटे काका त्यांच्याहून वीतभर उंच दिसत होते म्हणून. इतक्या वर्षांनी त्यांनी स्वतः काकांना फोन लावला. "बायेक सांग, तुका आखूड करूक!"

काका म्हणाले, "दादा, गणपतीक ये. भिंतीक उभे ऱ्हवान मापूया."

गेले दोघं. मापलं. बाबा जिंकले आणि त्या खुशीत वाटणीचं बोलणंही गोडीत झालं.

"आत्या, उंची चुकली कशी?" मी विचारलं.

"चुकली?" म्हणत तिने आणखी एक मोदक उचलला.

गेल्या वर्षी आत्या गेली. भिंतीवर लावायला तिचा फोटो शोधला, तर बाईने स्वतःला सगळीकडून कापून टाकलेलं. आधारकार्डावरचा होता, पण तो लावला असता तर ती उठून भांडली असती. मला हसू आलं आणि मग रडू आवरेना.

शेवटी दोघा भावांनी तोच गणपतीचा फोटो लावला. काका अजून वीतभर उंच. दोघांच्या खांद्यांवर एकेक हात, दोन्ही डावे, दोन्हींत तेच घड्याळ. हार घालायची पंचाईत, कारण फोटोतले दोघंही जिवंत. बाबांनी दोन झेंडू घेतले आणि काचेवर, तिच्या दोन्ही मनगटांपाशी चिकटवले.