गोवर गेला होता

श्रीदेवी हत्तुरे शुक्रवार पेठेजवळच्या आमच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून आली, तेव्हा मी तिथं आयाचं काम करत होते. ती मूळची अक्कलकोटकडची. बाळांना सुई टोचताना कन्नडमध्ये काहीबाही बोलायची आणि बाळं रडायचं विसरून तिच्याकडे बघत राहायची. लशीचा थंड डबा घेऊन आम्ही दोघी गल्ल्यांतून फिरायचो.

२०११ च्या उन्हाळ्यात तिची अंकिता सात महिन्यांची होती. नवरा शिवकुमार कापडाच्या दुकानात नोकरीला, सासू गावाकडे. घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून श्रीदेवी तिला कडेवर घेऊनच फिरायची. एका घरातली बाई आपल्या तीन वर्षांच्या मुलाला लस द्यायला तयार नव्हती. श्रीदेवी अर्धा तास तिला समजावत बसली, अंकिता मांडीवर. तो मुलगा शेजारीच खोकत लोळत होता. दोन दिवसांनी त्याच्या अंगावर गोवराचं पुरळ उठलं.

पुढच्या पंधरवड्यात अंकितालाही गोवर निघाला. आठवडाभर ताप, डोळे लाल, मग सगळं ठीक. नऊ महिने पुरे झाल्यावर श्रीदेवीनं स्वतःच्या हातानं तिला लस दिली, कार्डावर तारीख घातली. गोवर गेला होता. आम्ही तो विसरलोसुद्धा.

अंकिता हुशार निघाली. गणितात पहिली, खो-खोच्या संघात. आठवीत गेली आणि अक्षर बिघडलं. बाई म्हणाल्या, वर्गात लक्ष नसतं. सहामाहीला गणितात नापास झाली. मग हातातून वस्तू पडायला लागल्या. एकदा दुधाचं पातेलं सांडलं तेव्हा श्रीदेवीनं तिच्या पाठीत धपाटा घातला. मी तिथंच होते. पोरगी म्हणाली, "आई, मी टाकलं नाही. हात आपोआप उडाला."

दिवाळीनंतर ते झटके दर काही सेकंदांनी यायला लागले. चालता चालता मान खाली जायची, गुडघे वाकायचे. श्रीदेवी आणि शिवकुमारनं तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मी सोबत गेले होते. डॉक्टरांनी डोक्याला तारा लावून आलेख काढला, पाठीतलं पाणी तपासायला पाठवलं. आठ दिवसांनी आम्हाला समोर बसवून त्यांनी विचारलं, "लहानपणी हिला गोवर झाला होता?"

"सात महिन्यांची असताना," श्रीदेवी म्हणाली.

डॉक्टरांनी आलेखाचा कागद तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "पुरळ गेलं, पण विषाणू मेंदूत राहिला. इतकी वर्षं. हजारांत एखाद्यालाच असं होतं; बाळ जितकं लहान, तितका धोका जास्त."

"पण मी लस दिली होती. नऊ महिने भरल्यावर. तारीख आहे कार्डावर."

"त्याच्या आधीच होऊन गेला होता ना, सिस्टर."

शिवकुमारनं विचारलं, "बरी कधी होईल, सर?"

डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. गोळ्यांनी झटके थोडे कमी होतील. आजार थांबणार नाही.

रिक्षात श्रीदेवी एकच वाक्य बोलली. "त्या घरात मी तिला घेऊन गेले, दुर्गाताई."

"कुठून आला कुणाला ठाऊक? सगळ्या पेठेत साथ होती की," मी म्हणाले. तिनं ऐकलं नाही.

त्यानंतर उतरण फार वेगानं झाली. संक्रांतीपर्यंत अंकिता चालायची थांबली, शिमग्यापर्यंत बोलायची. आईच्या आधी तिनं बापाला ओळखणं सोडलं. त्या घरातली बाई एकदा द्राक्षं घेऊन बघायला आली. "आमच्या पोराला पण गोवर झाला होता, तो तर आता कॉलेजात जातोय," असं म्हणून हळहळली. श्रीदेवीनं तिला चहा दिला. ती गेल्यावर मी विचारलं, सांगितलं का नाहीस? "सांगून काय करू? नक्की तिथूनच आला, हे मी तरी कुठं सिद्ध करणार? आणि ती बाई रात्रंदिवस झुरेल. एक झुरतेय तेवढं बास."

नोकरी तिनं सोडली नाही, औषधं चालवायची तर पगार हवा. पण लशीच्या फेरीवर जाणं तिला जमेना. सहा-सात महिन्यांचं बाळ समोर आलं की तिचे हात थांबायचे. दवाखान्याच्या साहेबांनी तिला केसपेपरच्या टेबलावर बसवलं.

आता अंकिता पंधरा वर्षांची आहे. नाकातून नळी घातलेली. डोळे उघडे असतात, कुणावर ठरत नाहीत. शिवकुमार दुकानातून उशिरा येतो आणि बाहेरच्या खोलीत जेवून तिथंच आडवा होतो. मी रविवारी जाते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दोघी मिळून तिला कुशीवर वळवतो, पावडर लावतो.

मागच्या रविवारी माझ्या ध्यानात आलं की श्रीदेवी तिला नावानं हाक मारत नाही. मी विचारलं.

"हाक मारली की ओ येईल म्हणून थांबावं लागतं," ती म्हणाली. "तेवढं थांबणं आता माझ्यानं होत नाही."

मग तिनं चादर सारखी केली, आणि आम्ही पोरीला दुसऱ्या कुशीवर वळवलं.