मेणातला तुकडा

मी सहावीत शाळा सोडली आणि बाबांबरोबर होडीवर गेलो. लिहायची सवय नाही. पण मुंबईत, पेशंटच्या माणसांसाठी दिलेल्या या खोलीत, दिवसभर हाताला काम नसतं आणि मनाला थारा नसतो.

बायकोच्या फुफ्फुसातली गाठ कॅन्सरची निघाली, म्हणून आम्ही तारकर्लीहून इथे आलो. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गाठीच्या जीनची तपासणी करायची. ठरावीक बदल सापडला तर रोज एक गोळी. नाही सापडला तर सलाईनमधून केमो.

"पण परत सुई नको," बायको म्हणाली. गावाकडे पाठीतून सुई घालून तुकडा काढला, तेव्हा हवा शिरून तिचं फुफ्फुस बसलं होतं. चार दिवस बरगडीत नळी. त्यानंतर सुईचं नाव काढलं तरी ती माझा हात धरायची.

डॉक्टर म्हणाले, सुई कशाला? तोच तुकडा गावच्या लॅबनं मेणात घालून ठेवला असेल, तो आणा.

दुसऱ्याच दिवशी मी निघालो. लॅबमधल्या माणसानं काडेपेटीहून लहान, मेणानं भरलेला प्लॅस्टिकचा साचा पाकिटात घालून दिला. कडेला पेनानं नंबर. "जपून न्या, एवढा एकच आहे." कसा जपायचा ते मी विचारलं नाही. विचारलं तर अडाणी दिसेन, असं वाटलं.

घरी आई म्हणाली, "मासाचो तुकडो तो. मुंबैक पोचासर नासात. बर्फ घाल, बाबा."

मलाही तेच वाटलं होतं. मुंबईच्या पाहुण्यांना मासे पाठवतो तो थर्माकोलचा खोका घेतला, खाली-वर बर्फ घातला, मध्ये पाकीट. बसमध्ये चढताना क्लीनरनं विचारलं, "पापलेटां काय सुरमय?"

"सुरमय," मी म्हटलं.

तळेऱ्याला बस थांबली तेव्हा पाणी ओतून नवा बर्फ भरला. वाटेत दोनदा झाकण उघडून पाहिलं. इतकं जपून मी कधी काही नेलं नव्हतं.

इथल्या लॅबच्या खिडकीवरच्या मुलीनं खोका उघडला. पाकिटाचा लगदा झाला होता. मेणाला काही झालं नव्हतं, पण साच्यावरचा नंबर धुऊन गेला होता, निळा डाग तेवढा राहिला होता.

"काका, मेणातल्या तुकड्याला बर्फ लागत नाही. हा कोणाचा आहे?"

"माझ्या बायकोचा."

"तुम्ही सांगता, पण यावर कुठे लिहिलंय? दुसऱ्या कोणाच्या तुकड्यावरून त्यांना औषध दिलं तर?"

तिनं गावच्या लॅबला दोनदा फोन लावला. नंबर त्यांच्या वहीत होता, पण हा साचा त्याच नंबरचा कशावरून, ते त्यांनाही सांगता येईना. ती मला एक शब्दही वावगा बोलली नाही. उठून पाणी आणून दिलं. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

बायकोला मी सांगितलं, "डॉक्टरांना ताजा तुकडा हवाय." ती भिंतीकडे तोंड करून निजली. सुईच्या दिवशी मला आत सोडलं नाही. या वेळी फुफ्फुस बसलं नाही, एवढं देवानं राखलं.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. बदल नव्हता. गोळी लागू पडणार नव्हती.

डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, माझ्यामुळे उशीर झाला, त्यानं काय झालं? ते म्हणाले, तो पहिला तुकडा तपासला असता तरी उत्तर हेच आलं असतं. वाया गेलेल्या आठवड्यांचं ते काही बोलले नाहीत. मीही परत विचारलं नाही.

त्या दुपारी मी बायकोला सगळं सांगितलं.

"बर्फात? माका काय बांगडो समाजलात?" ती हसली. हसता हसता खोकला आला, तो बराच वेळ थांबेना. पाणी प्यायली आणि म्हणाली, "म्हंजे ती सुई तुमच्यामुळे."

"होय."

"वर माझ्याकडे खोटां बोललात."

"होय गो."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पहिली केमो होती. नर्स शीर शोधत होती, म्हणून मी नेहमीसारखा हात पुढे केला. तिनं तो धरला नाही.

"तुमी भायर बसा," ती म्हणाली.

मी बाहेर बाकावर जाऊन बसलो.