धाटावच्या फाटकावरची पाळत

त्या वर्षी मी इंग्रजांच्या काळातल्या एका खाजगी गुप्तहेर बाईवर कादंबरी लिहीत होते. बाई लांब कोट घालायची, सिगारेट ओढायची, मोजकं बोलायची आणि पेणच्या बाजारात भिंतीला टेकून तासन् तास संशयितावर नजर ठेवायची. चार प्रकरणं झाल्यावर वाटलं, खरी गुप्तहेर बाई कसं काम करते ते एकदा बघावं. पेणमध्ये ती एकच होती आणि शाळेत माझ्या शेजारी बसायची. तिचा धंदा लग्नाच्या स्थळांची चौकशी करण्याचा. खून तिच्याकडे कधी आला नाही. येत ते मुलींचे बाप.

तेव्हा तिच्याकडे एका निवृत्त साहेबांचं काम होतं. त्यांच्या मुलीला धाटावच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका कंपनीतला मुलगा पसंत होता. नोकरी कायम आहे, असं मुलाच्या मामाने सांगितलं होतं. कायम नसेल तर लग्न नाही, हे साहेबांनी मुलीला बजावलं होतं. शिवाय त्यांना साधी चौकशी नको होती, पाळत हवी होती. नोकरीतल्या सगळ्या दुपारी त्यांनी रहस्यकथा वाचण्यात घालवल्या होत्या. काळा चष्मा लावून जा, असंही त्यांनी मैत्रिणीला सुचवलं.

आम्ही तिच्या स्कूटरवरून वडखळ, गडब करत धाटावला पोचलो आणि शिफ्ट सुटायच्या वेळी कंपनीच्या फाटकासमोर झाडाखाली उभ्या राहिलो. माझी नायिका तिथे संध्याकाळपर्यंत उभी राहिली असती. आमच्याकडे समोरच्या टपरीवरची बाई लगेच चालत आली.

“कुणाकडं आलीस गो?”

कुणाकडे नाही, सावलीला थांबलोय, असं मैत्रीण म्हणाली.

“सावली काय तुमच्याकडं नाय? स्थळ बघाया आलीस व्हय?”

या मुलखात अनोळखी बाई रस्त्याकडेला उभी दिसली की ती कुणाची कोण हे कळल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. माझ्या कादंबरीची चार प्रकरणं तिथेच गेली. मैत्रिणीने चष्मा काढला आणि मुलाचं नाव सांगितलं. मग सुटलेल्या शिफ्टमधल्या निम्म्या लोकांनी आम्हाला त्याच्या आईचं गुडघ्याचं दुखणं, तो दारू पीत नसल्याचं आणि भावकीतलं भांडण सांगितलं. एकजण त्यालाच बोलवायला गेला.

तो हेल्मेट हातात धरून आला. आधी चहा सांगितला, मग म्हणाला, “मी कायम नाय. कंत्राटावर हाय. मामानं काय सांगितलंय, तेही ठाऊक हाय मला. तिला मी पयलंच सांगितलंय. आता तिच्या बाबांना तुम्हीच सांगा.”

परत निघण्याआधी मैत्रिणीने मुलीला फोन लावला. खोटं बोलू नका, मुलगी म्हणाली. पण हे त्याने स्वतः सांगितलं, एवढं बाबांना पटू दे. तेच मुलीने सांगितलं असतं तर ती त्याची वकिली ठरली असती.

साहेबांनी आम्हाला दिवाणखान्यात बसवलं आणि खिडक्या लावून घेतल्या. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मुलगा कंत्राटावर आहे, हे ऐकताच ते उठले. संपला विषय, म्हणाले.

“पाळतीवर असताना त्याचं बोलणं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं,” मैत्रीण शांतपणे म्हणाली. “टपरीवर एका अनोळखी बाईला तो सांगत होता, मी कायम नाही, मामा खोटं बोलला.”

“अनोळखी बाईला? कशाला सांगेल?”

“लपवायचं नसेल म्हणून.”

साहेब पुन्हा बसले. तोंडावर सांगितलेल्या खऱ्यावर त्यांनी जन्मात विश्वास ठेवला नव्हता. चोरून ऐकलेलं मात्र पुरावा होता. कुणाला तुमचा संशय नाही ना आला, त्यांनी विचारलं. कुणालाच नाही, असं मैत्रिणीने सांगितलं. ती अनोळखी बाई माझ्या शेजारीच बसली होती. आणि संशय यायला धाटावला कुणाला सवडच मिळाली नव्हती.

“मामा लबाड निघाला,” साहेब म्हणाले.

“मामाशी कुठे लग्न करतेय मी?” मुलगी दारातून म्हणाली.

त्यांनी बराच वेळ विचार केला. नोकरीचा करत होते की स्वतःच्या तपासकौशल्याचा, ते कळायला मार्ग नव्हता. शेवटी मुलीकडे न बघता म्हणाले, “रविवारी त्याला जेवायला बोलव. एकट्याला.”