कलप लावून देऊ का?

आमच्या यांना काम मिळत नव्हतं आणि त्यात यांची काहीएक चूक नव्हती. केस पांढरे झाले, एवढाच गुन्हा. ज्या सलूनमध्ये उभा जन्म काढला ते विकलं गेलं, तिथे आता मोबाइल मिळतात. दुकानाच्या माथ्यावरची आमची खोलीही त्याबरोबर गेली. मग ट्रंक आणि पिशव्या उचलून आम्ही लेकीकडे आलो. लेक गुणी आहे, जावई शब्दानं बोलत नाही. पण दोन खोल्या नि स्वयंपाकघर, त्यात चार माणसं. मी ओट्याखाली अंथरूण घालायचे, हे बाहेर सोफ्यावर. जावई टीव्ही अर्ध्यात बंद करून आत जायचा. का, तर सासऱ्यांना झोपायचं असेल. मला ते फार बोचायचं. यांना काम लागलं की लगेच खोली बघायची, असं आमचं ठरलं होतं.

पण काम द्यायला बसलंय कोण? एक म्हणाला, गिऱ्हाइकांना तरुण मुलं आवडतात. दुसरा म्हणाला, काका, दिवसभर उभं राहावं लागतं, झेपेल ना? जो माणूस दुपारचा डबासुद्धा उभ्यानं खायचा, त्याला हे विचारतात. माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे मात्र "बरंय" म्हणून पायऱ्या उतरले.

शेवटी मीच कलप आणला.

"मी लोकांना लावतो. मला नको," हे म्हणाले.

"लोकांना लावताना हात थरथरत नाही, मग स्वतःच्या डोक्याचंच एवढं काय? बसा गुमान."

बसले. मिशा काळ्या झाल्यावर आरशात बघून म्हणाले, "अगदी लग्नातल्यासारखा दिसतोय." मी म्हटलं, लग्नात बरे दिसत होतात.

मोठ्या रस्त्यावरच्या सलूनमध्ये माणूस हवा होता. मीही बरोबर गेले. एकट्याला सोडलं असतं तर हे खरं वय सांगून मोकळे झाले असते. काचेचं दार, आत गारवा, सगळे कारागीर काळ्या टी-शर्टात. मी गिऱ्हाइकांच्या बाकावर पर्स मांडीवर धरून बसले.

यांच्या धंद्यात नवा माणूस ठेवायचा तर मालक स्वतः खुर्चीत बसतो. आपलं डोकं त्याच्या हाती द्यायचं आणि हात कसा आहे ते बघायचं. हा मालक घट्ट जीन्समधला, केस काळेभोर. "चला काका, बघू तुमचा हात," म्हणाला. काका म्हणे! यांच्याहून फार तर चार वर्षांनी लहान असेल मेला.

पण यांची कात्री चालू झाली आणि मालकानं डोळे मिटले. शेजारचा कारागीर हातातलं काम थांबवून बघत राहिला. इकडे मी मनातल्या मनात खोलीला पडदेसुद्धा लावून टाकले.

काम झालं. यांनी मानेवरचे केस झटकले, मागे आरसा धरला आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात तसंच, सवयीनं विचारलं, "मुळं पांढरी दिसायला लागलीत, साहेब. कलप लावून देऊ का?"

कोपऱ्यातला एक कारागीर हसला आणि लगेच खोकला. मालकानं गळ्यातलं कापड स्वतःच ओढून काढलं. "कळवतो," एवढंच म्हणाला.

रस्त्यावर मी यांना फाडून खाल्लं. आपलं झाकून आलात आणि त्याचं चारचौघांत उघडं केलंत, म्हटलं. "अगं, दिसलं म्हणून विचारलं. खुर्चीतल्या माणसाला तसंच कसं उठवायचं?" हे म्हणाले. मला यांचा रागही आला आणि भर रस्त्यात रडूही आलं.

दोन दिवसांनी त्या मालकाचा फोन आला. यांना कमी ऐकू येतं म्हणून मी स्पीकर लावला.

"काका, हात छान आहे तुमचा. महिन्यातून एकदा रविवारी सकाळी माझ्या घरी येत जा. मागच्या जिन्यानं. मुळांचं तेवढं बघा आणि कुठे बोलू नका."

"आणि दुकानातल्या कामाचं?" यांनी विचारलं.

"दुकानात कसं जमेल? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

फोन ठेवा, ठेवा, अशा मी खुणा करत होते. हे म्हणाले, "येतो."

तेवढ्यात लेक बाहेर आली. तिनं शेवटचा शब्द तेवढा ऐकला होता.

"बाबा, काम मिळालं?"

यांनी हो अशी मान हलवली. महिन्यातून एकदा, हे यांच्या तोंडून निघेना. मी सांगायला हवं होतं, पण मीही मूग गिळून बसले. कारण लेकीचा चेहरा मी बघत होते. किती दिवसांनी तो असा मोकळा झाला होता. माझीच मुलगी ती, तिला काही लपवता येत नाही.

"आई, पलीकडच्या गल्लीत एक खोली रिकामी आहे," ती म्हणाली. "मी मागेच विचारून ठेवलंय. उद्या बघून येऊ या?"

यांनी मान वर केली नाही.

"येऊ या," मी म्हटलं.