लेलँड टोलेफसनने वाचवलेलं घर

आमच्या मडस्प्रिंगमध्ये गहू भरपूर आणि पाणी बेताचं. त्यामुळे आगीचे बंब ही गावाची गरज आहे आणि त्यांची चेष्टा हा गावाचा छंद. बंब दोन, शिवाय पाण्याचा एक टँकर, जो पूर्वी दुधाचा होता. माणसं सगळी बिनपगारी: शाळेची बस चालवणारा वेंडेल, किराणा दुकानातली कोरा आणि बाकीचे शेतकरी. या फौजेचा चीफ लेलँड टोलेफसन.

न्हाणीघरात घसरलेल्या म्हाताऱ्यांना उचलायला लेलँड. कालव्यात गाय अडकली की लेलँड. उन्हाळ्यात शाळेचं मैदान सुकलं की टँकर घेऊन पुन्हा लेलँडच. मग कधीतरी या दलासाठी कर थोडा वाढवावा का, यावर मतदान होतं आणि गाव म्हणतं, "एवढं करतात तरी काय हे लोक?" कराच्या विरोधात मत देऊन निघालेला माणूस परतताना गाडी बर्फात घालतो. लेलँड ती ओढून काढतो, आणि मत काय दिलं ते विचारत नाही. मी विचारलं असतं.

त्याची खरी दुखरी जागा वेगळी होती. चीफ म्हणून सारी हयात गेली, पण त्याच्या हातून एकही घर वाचलं नव्हतं. दोष त्याचा नव्हता. शेतकऱ्याने कापणीचं यंत्र थांबवायचं, ठाण्यावर यायचं, बंब काढायचा आणि धुळीच्या रस्त्याने कोसच्या कोस जायचं. लाकडी घर तोवर कुणाची वाट बघत नाही. बंब पोचेपर्यंत खाली दगडी चौथरा उरलेला असे. गावाने त्याचं नावच 'चौथरा' ठेवलं.

"चौथऱ्याने काल आणखी एक वाचवला म्हणे," कॉफीच्या टेबलावर कुणीतरी म्हणे.

लेलँड हसत असे. मी जन्म रंगमंचावर काढला आहे. दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत हसणारा माणूस मला ओळखता येतो. त्याला लागलेलं असतं.

या शरद ऋतूत त्याच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, म्हणून त्यानेही दिला. पुढचा चीफ वेंडेल. त्याच सुमारास अर्लीन हौसर या आमच्या विधवा शेजारणीने आपलं जुनं घर दलाला सरावासाठी जाळायला दिलं. इथली ही पद्धतच आहे. एकेका खोलीत पेंढा पेटवायचा, विझवायचा, शिकायचं. आणि शेवटी अख्खं घर जळू द्यायचं. अर्लीनला जागा मोकळी हवी होती. सोमवारी तिचं नवं, कारखान्यात बांधलेलं तयार घर ट्रकवरून येणार होतं.

शनिवारी सकाळी सारं गाव घडीच्या खुर्च्या आणि घरी भाजलेले ॲपल-पाय घेऊन हजर. फुकटचा खेळ असला की आमचे प्रेक्षक कधी उशीर करत नाहीत. मीही पहिल्या रांगेत.

स्वयंपाकघर पेटवलं, विझवलं. मागची खोली पेटवली, विझवली. लेलँड गुडघे विसरून नळी घेऊन धावत होता. आयुष्यात प्रथमच तो आगीच्या आधी पोचला होता.

दुपारी वेंडेल म्हणाला, "चीफ, झाला सराव. आता सोडून देऊ."

"वरची खोली राहिली की."

"ती दोनदा झाली."

"मग तिसऱ्यांदा. कोराचा हात अजून बसला नाही."

"माझा हात मोडायला आलाय," कोरा म्हणाली.

अखेर बैठकीच्या खोलीत शेवटची आग लावली. ज्वाळा छताला भिडल्या आणि लोक खुर्च्या मागे सरकवू लागले. लेलँडने फक्त बघत राहायचं होतं. खेळ संपला तरी रंगमंच न सोडणारे नट मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्या खांद्यांवरून आधी कळतं. मी कोराला म्हणालो, "हा आत जाणार."

तो गेला. वेंडेल ओरडत त्याच्या मागे गेला, कारण एकट्याला सोडता येत नाही; मग बाकीचेही गेले. टँकर रिकामा होईपर्यंत पाणी मारलं. धूर विरला तेव्हा घर उभं होतं. काळं, ओलं, अर्धं छप्पर गेलेलं, पण उभं.

गाव पोट धरून हसलं. काडी दलानेच लावली, आणि म्हाताऱ्याने आग विझवून दाखवली. लेलँड त्यांच्यासोबत हसला नाही.

अर्लीन खुर्चीतून उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"लेलँड, हे काय केलंस?"

"विझवलं, अर्लीनबाई."

"ते दिसतंय मला. सकाळपासून मी रडायची तयारी करून बसले होते. तेही होऊ दिलं नाहीस."

"चुकलंच माझं."

"सोमवारी माझं नवं घर कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?"

"उद्या पाडून देतो. माझ्या हाताने."

"देच. आणि डबा घेऊन ये, मी काही रांधणार नाहीये."

रविवारी तो चर्च चुकवून ट्रॅक्टर आणि साखळदंड घेऊन आला. चेष्टा करायला जमलेले अर्धे लोक तासाभरात स्वतःचे ट्रॅक्टर घेऊन आले. गाव नालायक आहे, पण रिकाम्या हाताने बघत बसायची त्याला लाज वाटते. साखळी अडकवण्याआधी लेलँडने टोपी काढली आणि पुढच्या दाराने आत शिरून, एकेका खोलीत थांबत, मागच्या दाराने बाहेर आला. मग त्याने ट्रॅक्टर सुरू केला.

भिंती आडव्या झाल्या तेव्हा अर्लीन खरंच रडली. लेलँड तिच्याजवळ जाऊन नुसता उभा राहिला.

संध्याकाळी कॉफीच्या टेबलावर कुणीतरी सुरुवात केली, "एक घर वाचवलं, आणि ते टिकलं रविवार दुपारपर्यंत."

"वाचवलं होतं ना?" अर्लीन म्हणाली. "घर माझं होतं. मी सांगते, वाचवलं होतं."

या वेळी लेलँडने तिला वाक्य पूर्ण करू दिलं, आणि मगच तो हसला.