प्लॅस्टिकमधलं स्ट्रेचर

गावात प्रथमोपचार करणाऱ्या स्वयंसेवकांना मी शिकवते. त्यांना दिलेलं स्ट्रेचर आज पंचायतीच्या भिंतीला टेकून उभं दिसलं, प्लॅस्टिकसकट. वर उद्घाटनाचं हळदकुंकू वाळलेलं. आणि सकाळीच चिंचेवरून पडून पाय मोडलेल्या, रक्ताळलेल्या सखूबाईला याच स्वयंसेवकांनी गोधडीत घालून, हिंदकळत रस्त्यापर्यंत नेलं होतं.

"स्ट्रेचर का नाही घेतलं?"

"नवंकोरं हाय ताई. रक्तानं खराब झालं असतं."

माझं डोकंच फिरलं. आपल्याकडे चांगली कपबशी पाहुण्यांना, चांगली चादर साहेबांना. घरच्या माणसाचं हाड मोडलं तरी चालेल, वस्तूला ओरखडा नको!

मी तिथंच ते प्लॅस्टिक टराटरा फाडायला लागले. मागून एक स्वयंसेवक कळवळून म्हणाला, "ताई, जरा जपून!"